पाणी संपल्याचा आवाज

मार्चमधल्या एका गुरुवारी सकाळी त्रिंबक शिवशरणांची जीप वळसंगच्या पुढं दोन किलोमीटरवर बंद पडली. आत पाच जण होते. चार शिक्षक आणि तहसील कचेरीतला एक कारकून, सगळे सोलापुरातून रोज अक्कलकोटला नोकरीला जाणारे, महिन्याच्या बोलीवर बसणारे. सहाव्या ईरम्मा सिस्टर, तिथल्या दवाखान्यातल्या नर्स, त्या दिवशी रजेवर होत्या. त्यांच्या पुढच्या सीटवर सगळ्यांच्या डब्यांच्या पिशव्या ठेवलेल्या होत्या.

त्यांच्या मुलीला, तेजश्रीला, फोन आला तेव्हा ती कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये भिंगं मोजत होती. मार्चअखेर जवळ आली की लॅबमधली एकेक वस्तू मोजून वहीत लिहायची, फुटलेलं वेगळं, हरवलेलं वेगळं. बारा वर्षं ती हे काम करत होती. फोनवर वडील नव्हते, त्यांच्या फोनवरून एक शिक्षक बोलत होते.

"तुमच्या वडिलांना जरा समजवा. इंजिन जळायची वेळ आली तरी थांबत नाहीत. मागून आम्ही पाच मिनिटं ओरडतोय, वास येतोय, वाफ येतेय. त्यांचं आपलं चालूच."

"आप्पांना द्या ना फोन," ती म्हणाली.

"ते घेत नाहीत. तुम्हीच या म्हणतात."

तेजश्रीनं मोजलेली भिंगं पेटीत परत ठेवली. कुठवर मोजलं ते लिहायचं राहिलं. एस.टी.नं वळसंगला पोचेपर्यंत शिक्षक दुसऱ्या गाडीनं निघून गेले होते आणि आप्पा जीपच्या सावलीत पाय पसरून बसले होते. चेहऱ्यावर, राग म्हणावा तर राग नव्हता. दिवसभर उभं राहिलेल्या माणसाला बसायला मिळालं की जसा होतो तसा चेहरा होता.

"काय झालं आप्पा?"

"पाणी गेलं सगळं. पाइप चिरला."

"मागची माणसं सांगत होती म्हणं."

"मला कुणी काय सांगितलं न्हाय," आप्पा म्हणाले. "काटा मधीच होता. तू ये, बघ. आजून मधीच हाय."

खरंच, तापमानाचा काटा मधोमध होता. इंजिनाला हात लावायची सोय नव्हती आणि काटा म्हणत होता, सगळं ठीक आहे.

जीप ओढून आणली ती वीरभद्रप्पांच्या गॅरेजमध्ये. वीरभद्रप्पांनी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जाड झाकण, उतरवलं, त्यावर पोलादी पट्टी आडवी धरली आणि पट्टीखालून दिसणारी उजेडाची फट तेजश्रीला दाखवली. हेड वाकलं होतं.

"काटा मधे होता म्हणतात," ती म्हणाली.

"असणारच की. तो काटा पाण्याचा ताप सांगतो. त्याचं टोक पाण्यात बुडलेलं पायजे. पाणीच न्हाय म्हटल्यावर तो कशाचा ताप सांगणार?" वीरभद्रप्पांनी हात पुसले. "लई जणांची इंजिनं अशीच जातात. काट्यावर भरवसा ठेवून."

"मग पाणी कमी झालेलं कळायचं कसं?"

"रोज सकाळी झाकण उघडून बघायचं. तुझा बाप बघतो. पर वाटेत पाइप चिरला तर झाकण कोण उघडणार? वास येतो, वाफ येते, इंजिन ठोकायला लागतं. कान हाय, नाक हाय, त्यावर चालतं सगळं."

जीप दहा दिवस गॅरेजमध्ये राहिली. तेवढे दिवस तेजश्रीच्या घरी कुणी फारसं बोललं नाही. आप्पा सकाळी सवयीनं साडेपाचला उठायचे, अंघोळ करून कपडे घालून बसायचे आणि मग कुठं जायचं नाही हे आठवून शर्ट काढून ठेवायचे. सत्तावीस वर्षं त्यांनी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात माग चालवले होते. कारखाना बंद पडला तेव्हा हातात आलेल्या रकमेत त्यांनी ही जीप घेतली. जीपला सात वर्षं होत आली होती. तेजश्री एकोणचाळीस वर्षांची होती. लग्न करून गेली, चार वर्षांत परत आली, तेव्हापासून मिलिंदनगरातल्या दोन खोल्यांत आई, आप्पा आणि ती, अशी तिघं राहत होती. कॉलेजातून आली की तिला पाठ टेकावीशी वाटायची, आणि टेकली की झोप यायची नाही.

त्या दहा दिवसांत कधीतरी तिच्या मनात आलं, की पाणी संपल्याचं पाण्यालाच सांगू द्यावं.

गोष्ट अगदी साधी होती. अकरावीच्या मुलांना दाखवावी इतकी. रेडिएटरच्या वरच्या टाकीत एक तार सोडायची, टाकीच्या पत्र्याला कुठंही न लागेल अशी. टाकीत पाणी आहे तोवर तार पाण्यात बुडलेली असते. पाण्यातून बारीकशी वीज टाकीच्या पत्र्यात उतरते आणि तिथून गाडीच्या अंगात मुरते. पाणी खाली गेलं की तार उघडी पडते. आता त्या विजेला उतरायला वाट नाही, म्हणून ती ट्रान्झिस्टरकडं वळते, ट्रान्झिस्टर चालू होतो आणि बझर वाजतो. एक ट्रान्झिस्टर, दोन-तीन रेझिस्टर, एक बझर. काट्यासारखं यात फसायला काही नव्हतं. पाणी असलं की गप्प, नसलं की आवाज.

सामान तिनं नव्या पेठेतल्या दुकानातून आणलं. तारेसाठी सायकलच्या चाकाचा स्पोक घेतला, गंजणार नाही असा. चार वाजता लॅब रिकामी झाली की ती एका कोपऱ्यात सोल्डरिंग आयर्न तापवायची. पहिल्या दिवशी काचपात्रात पाणी घेऊन तिनं स्पोक बुडवला तर बझर वाजतच राहिला. तिनं सगळे सांधे पुन्हा तपासले. ट्रान्झिस्टर उलटा लागलाय का पाहिलं. तासाभरानं लक्षात आलं, की तिनं घेतलं होतं ते बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी होतं. शुद्ध पाण्यातून वीज धड वाहत नाही, हे ती बारा वर्षं मुलांना सांगत आली होती. मग तिनं नळाचं पाणी आणलं. सोलापूरच्या पाण्यात क्षार एवढे की भांड्यांना पांढरी पुटं चढतात. त्या पाण्यात स्पोकचं टोक टेकताच बझर गप्प झाला. पाणी ओतून दिलं, वाजला. पुन्हा भरलं, गप्प. ती बराच वेळ स्टुलावर बसून भरत आणि ओतत राहिली. आनंद म्हणावा असं काही वाटलं नाही. पण गेल्या कित्येक दिवसांत केलेलं एखादं काम पूर्ण झालं, असं वाटलं.

रेडिएटरवाल्याकडून तिनं वरच्या टाकीला एक भोक पाडून घेतलं, त्यावर पितळी नट डाग देऊन बसवला. त्या नटात नायलॉनचा बूच आणि बुचातून स्पोक. वीरभद्रप्पा कंबरेवर हात ठेवून बघत होते. "जादा पाण्याच्या बाटलीत न्हाय बसवलंस, बरं केलंस," ते म्हणाले. "बाटलीत पाणी दिसतं आन् रेडिएटर कोरडा असतो." मग म्हणाले, "वळणावर पाणी हिंदकळलं की उगंच वाजंल."

त्याचा तिनं विचार केला होता. एक कपॅसिटर टाकून तिनं चार-पाच सेकंदांची ढील ठेवली होती. तेवढा वेळ तार सलग उघडी राहिली तरच बझर वाजणार होता.

रविवारी जीप घरासमोर आली. ऊन चढायच्या आत तपासून घ्यावं म्हणून तिनं आप्पांना स्टिअरिंगवर बसवलं. बझर त्यांच्या गुडघ्यासमोर, डॅशबोर्डाच्या खाली लावला होता.

"आप्पा, इंजिन चालू करू नका. नुसती चावी फिरवा. मी हितं तार काढते. म्हंजे पाणी संपल्यासारखं होईल. बझर वाजला की हात वर करा."

आप्पांनी मान हलवली. तेजश्री बॉनेटखाली वाकली. स्पोकवरची वायरची टोपी घट्ट बसली होती, बोटांनी निघेना. पक्कड घेऊन ती ओढायला लागली, आणि अजून ती निघालीच नव्हती तोच तिनं बॉनेटच्या कडेनं पाहिलं तर काचेपलीकडं आप्पांनी हात वर केलेला होता.

"अजून काढली न्हाय," ती म्हणाली. आप्पांनी हात खाली घेतला.

टोपी निघाली. तिनं मनात पाच आकडे मोजले आणि बझर वाजला. तो एवढा टोकदार होता की तिचे तिलाच दात आंबल्यासारखे झाले. समोरच्या घरातल्या बाई दारात आल्या, काय झालं म्हणून. आप्पा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते. ते तेजश्रीकडं बघत होते. वाट बघत होते. मग त्यांची नजर समोरच्या बाईंकडं गेली, बाईंनी कानावर हात ठेवलेला त्यांना दिसला, आणि आप्पांनी परत हात वर केला.

"वाजला की," ते म्हणाले. "मगाशी पण वाजला."

तेजश्रीनं टोपी परत लावली. आवाज थांबला. ती बॉनेटला टेकून तशीच उभी राहिली. मग जीपला वळसा घालून मागं गेली, मागच्या दारापाशी, आरशात दिसणार नाही अशी. आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आप्पा, जीप विकून टाकू या का?"

आप्पा समोर बघत होते.

"आप्पा, ऐकू येतंय का?"

त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि डॅशबोर्डावरची धूळ पुसायला लागले.

घरात तिची आई शालन भाकरी थापत होती. तेजश्री चुलीशेजारी भिंतीला टेकून बसली. काही विचारायच्या आधीच आईनं तिच्याकडं पाहिलं आणि तवा खाली उतरवला.

"कळलं व्हय तुला?"

"तुला माहीत होतं?"

"धा-पंधरा वर्सं झाली. मला वाटायचं तुला ठावं आसंल. एका घरात राहतो आपुन."

"मला वाटायचं आप्पा मुद्दाम बोलत न्हायत."

"लोकांनाबी तसंच वाटावं म्हणून तर गप बसतात," आई म्हणाली. "कारखान्यात सगळ्यांचंच तसं हुतं. तितं कुणाला लाज न्हवती. शंभर माग चालू आसल्यावर कोण कुणाचं ऐकतंय? हातानं, व्हटानं बोलायची सगळी. भायेर आल्यावर लाज वाटाया लागली."

तेजश्रीला आठवलं, कॉलेजात लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका प्राध्यापक बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, जरा हळू बोलत जा, लॅब आहे ही. तिला फार वाईट वाटलं होतं. आपल्या घरात सगळे मोठ्यानं बोलतात हे तिला तोवर माहीतच नव्हतं. आणि का बोलतात हे तिनं आजपर्यंत कधी स्वतःला विचारलं नव्हतं. तिला स्वतःचाच राग आला, पण तोही धड आला नाही. अंगात रागाएवढीही ताकद नव्हती.

दुपारी जेवताना ती आप्पांच्या समोर बसली, तोंड दिसेल अशी. "तुमाला बझर ऐकू आला न्हाय," ती म्हणाली.

आप्पांनी घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "गाडी बंद कर म्हणणार तू मला."

"म्हणत न्हाय. पर किती ऐकू येतंय ते आधी बघू या."

"त्यात काय बघायचं?"

"मी बघते. कॉलेजात मशीन हाय. पुढच्या रविवारी."

त्या आठवड्यात जीप दारातच राहिली. आप्पांनी शिक्षकांना निरोप धाडला, काम अजून बाकी आहे म्हणून. काय काम ते सांगितलं नाही.

रविवारी कॉलेज रिकामं होतं. वॉचमननं गेट उघडलं. आप्पा तिच्या लॅबमध्ये पहिल्यांदाच आले होते. कपाटांतल्या रांगेनं लावलेल्या मीटरांकडं, भिंतीवरच्या तक्त्यांकडं ते हात मागं बांधून बघत हिंडले. "हे समदं तुझ्या ताब्यात?" त्यांनी विचारलं. ती मानेनंच हो म्हणाली.

तिनं त्यांना भिंतीकडं तोंड करून स्टुलावर बसवलं, म्हणजे तिचे हात दिसणार नाहीत. "आवाज आला की टेबलावर बोट वाजवा. न्हाय आला तर वाजवू नका. खोटं वाजवू नका, आप्पा." शेवटचं वाक्य तिनं त्यांच्या समोर जाऊन, त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं.

हवा तो सूर काढणाऱ्या ऑसिलेटरला तिनं एक जुना स्पीकर जोडला होता. खालच्या सुरापासून सुरुवात केली. दोनशे हर्ट्झ. आप्पांचं बोट लगेच वाजलं. तीनशे, वाजलं. पाचशे, वाजलं. हजारवर आवाज वाढवावा लागला, तेव्हा कुठं बोट हललं, तेही बिचकत. दोन हजारवर तिनं बटण शेवटपर्यंत फिरवलं. बोट टेबलावर तसंच पडून होतं. तीन हजार. खोलीत आवाज असा भरला की खिडकीची काच थरथरायला लागली. चार हजारवर तिला स्वतःला सहन होईना. कपाळाच्या आतून कुणी सुई ओढावी तसं होत होतं. आणि तिच्यासमोर आप्पांची पाठ होती, खांद्याशी उसवलेला शर्ट, आणि टेबलावर स्थिर हात.

"झालं व्हय?" भिंतीकडं बघत आप्पांनी विचारलं. "बंद केलंस?"

तिनं तेव्हा बंद केलं. "झालं," ती म्हणाली. मग त्यांना ऐकू आलं नसणार हे लक्षात येऊन उठून त्यांच्या खांद्याला हात लावला.

ग्राफच्या कागदावर तिनं रेघ काढून दाखवली. डावीकडं बरी होती, मध्ये उतरत गेली, आणि उजवीकडं कागद मोकळा होता. आप्पांनी चष्मा लावून कागद जवळ घेतला.

"हितनं पुढं काय न्हाय?"

"न्हाय."

"माणसाचं बोलणं यात कुटं येतं?"

"सगळीकडं. जाड आवाज हितं डावीकडं. पर स, श, त, क, ही अक्षरं उजवीकडं."

आप्पा कागदाकडं बघत राहिले. "म्हणून तुझा आवाज येतो मला," ते म्हणाले. "शब्द येत न्हाईत."

तेजश्रीनं ऑसिलेटरची वायर गुंडाळायला घेतली आणि गुंडाळलेली परत सोडून पुन्हा गुंडाळली.

सर्किट बदलायला दोन संध्याकाळी पुरल्या. टोकदार बझर काढून टाकला. त्या जागी जुन्या रेडिओचा स्पीकर बसवला आणि अडीचशेवर घुमणारा आवाज. आणि डॅशबोर्डाच्या वर, अगदी नजरेसमोर, ब्रेकलाइटचा लाल बल्ब. एवढ्या मोठ्या बल्बाला ट्रान्झिस्टरची ताकद पुरत नाही म्हणून मध्ये एक रिले घातला. उन्हात बल्ब फिका दिसेल म्हणून वर डब्याचा पत्रा कापून टोपण केलं. आप्पा स्वतः पत्रा कापून देत होते. या वेळी तिनं तार काढली तेव्हा दिवा लागला, स्पीकर घुमला, आणि आप्पांचा हात वर गेला. तिनं परत लावली, परत काढली, चार वेळा. चारही वेळा हात बरोबर वेळेला गेला.

"आता जायला हरकत न्हाय मग," आप्पा म्हणाले.

"पाण्याचं कळंल," ती म्हणाली. "पर मागचं माणूस वरडलं तर? कुणाला घेरी आली, कुणाला उलटी झाली, दार उघडं राहिलं तर? त्यांना सांगितलं पायजे आप्पा. त्यांचा जीव हाय तुमच्या हातात."

"सांगितलं तर बसतील व्हय कुणी?"

"नसतील बसत तर न बसू देत."

आप्पा उठून बाहेर गेले. दोन दिवस त्यांनी तिच्याशी एक शब्द काढला नाही. तिनंही विषय काढला नाही. सांगायचं ते सांगून झालं होतं आणि पुन्हा तेच सांगायचा तिला कंटाळा आला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी ते शर्टाची बटणं लावत तिच्या खोलीच्या दारात उभे राहिले. "चल माझ्यासंगं," म्हणाले. "तू आसलीस म्हंजे त्यांनी काय इचारलं तर तू सांगशील."

शांती चौकात सगळे नेहमीच्या जागी उभे होते. आप्पा खाली उतरले, जीपच्या दाराला धरून उभे राहिले आणि कुणाकडंही न बघता बोलले. "मला ऐकू कमी येतं. लई कमी. त्या दिवशी तुमी वरडला ते मला कळलं न्हाय. खोटं बोललो न्हाय मी, पर सांगितलंबी न्हाय. आता ज्याला बसायचं त्यानं बसावं."

कारकुनानं फोनमध्ये डोकं घातलं. एका शिक्षकांनी दुसऱ्याकडं पाहिलं. मग ईरम्मा सिस्टरनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि आप्पांच्या पुढ्यात जाऊन, तोंड दिसेल असं उभं राहून म्हणाल्या, "मामा, ते मला गोत्तु हाय की. चार वर्सं माहीत हाय. मी पुढं का बसते मग? मागनं कुणी थांबा म्हटलं की तुमच्या हाताला हात कोण लावतंय? तुमाला काय वाटलं, मला खिडकीतली हवा पायजे म्हणून बसते?"

आप्पांच्या तोंडावर काय उमटलं ते तेजश्रीला नीट दिसलं नाही, ते पाठमोरे होते. त्यांची मान मात्र खाली गेली. ईरम्मा दार उघडून आपल्या जागी बसल्या. "चला," म्हणाल्या, "माझी ओपीडी हाय."

त्या दिवशी सगळे बसले. महिनाअखेर दोन शिक्षक यायचे बंद झाले. एकानं निरोप पाठवला, बदलीचं चाललंय म्हणून. दुसऱ्यानं तोही नाही. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा त्यांच्या कागदावरची रेघ तेजश्रीच्या रेघेपेक्षा फार वेगळी नव्हती. त्यांनी दोन्ही कानांना मशीन लिहून दिलं आणि गाडीला दोन्ही बाजूंनी मोठे आरसे लावायला सांगितले. आरसे लगेच लागले. मशीन आलं तेव्हा आप्पांनी पहिल्या दिवशी घालून पाहिलं आणि दुपारपर्यंत काढून ठेवलं. "पिशवीचा आवाज येतो," म्हणाले, "प्लॅस्टिकच्या. तुमी लोक हे कसं सोसता?" मग रोज थोडा थोडा वेळ घालायला लागले.

मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागली. ऊन त्रेचाळीसच्या खाली यायला तयार नव्हतं. शाळाही बंद होत्या, त्यामुळं जीपमध्ये ईरम्मा, कारकून आणि अधूनमधून एखादा भाविक एवढेच असायचे. एका सकाळी तेजश्री त्यांच्याबरोबर निघाली. रिलेची एक वायर इंजिनाच्या उष्णतेनं कडक झालीय असं आप्पा म्हणत होते, ती चालत्या गाडीत बघायची होती. मधल्या सीटवर ती एकटीच होती.

कुंभारी मागं पडलं. रस्त्यावर गाड्या फारशा नव्हत्या. तेजश्री खिडकीतून तुरीच्या रिकाम्या रानांकडं बघत होती तोच समोर लाल उजेड पडला आणि पायाखालून घुमल्यासारखा आवाज आला. ईरम्मांचा हात उठला होता, पण तो आप्पांपर्यंत पोचायच्या आत आप्पांनी आरशात पाहून जीप डावीकडं घेतली होती. एका कडुलिंबाच्या झाडाखाली ती थांबली. आप्पांनी चावी बंद केली.

"उतरा," ते म्हणाले. "पाणी गेलंय."

काटा मधोमध होता. या वेळी पाइप नव्हता, पाइपाची पट्टी सैल झाली होती. रेडिएटर अर्धाही रिकामा झाला नव्हता. वाफ नव्हती, वास नव्हता. आणखी दहा मिनिटं गेली असती तर आले असते. आप्पांनी पट्टी आवळली आणि झाकणाला हात न लावता बाजूला झाले. इंजिन निवल्याशिवाय झाकण उघडायचं नव्हतं.

कारकुनाला मागून आलेल्या एस.टी.त बसवून दिलं. ईरम्मा गेल्या नाहीत. त्यांनी दवाखान्यात फोन लावला, कानडीत काहीतरी रागानं बोलल्या आणि झाडाच्या बुंध्याला टेकून डोळे मिटून बसल्या. त्यांची आधल्या दिवशी दोन पाळ्यांची ड्यूटी झाली होती. तेजश्री आणि आप्पा जीपच्या पायरीवर बसले.

बऱ्याच वेळानं आप्पा म्हणाले, "मी कारखान्यात लागलो तवा पयल्या म्हयन्यात कानात कापूस घालायचो. मुकादम हसायचा. बाकीचीबी हसायची. मग काढून टाकला." त्यांनी रुमालानं मान पुसली. "वाईट वाटतं आसं न्हाय. दमलोय निस्ता. ऐकायला काय लई लागत न्हाय गं माणसाला. पर ऐकल्यासारखं करायला लई लागतं. दिसभर समोरच्याच्या तोंडाकडं बघायचं, हसला की हसायचं. सांजच्याला डोकं दगड होतं."

"व्हय," तेजश्री म्हणाली. मग त्यांच्याकडं वळून, ओठ दिसतील अशी, पुन्हा म्हणाली, "व्हय आप्पा."

तिला वाटलं, आपणही त्यांना काहीतरी सांगावं. भिंगं मोजण्याबद्दल, रात्री न येणाऱ्या झोपेबद्दल. पण सांगायचं तर मोठ्यानं सांगावं लागलं असतं आणि झाडाखाली ईरम्मांचा डोळा लागला होता. ती नुसती बसून राहिली.

अर्ध्या तासानं आप्पांनी झाकणावर फडकं टाकलं, हळूहळू फिरवलं आणि कॅनमधलं पाणी ओतलं. पाणी वर आलं. चावी फिरवली, लाल दिवा लागला नाही. ईरम्मांना उठवलं. त्या डोळे चोळत पुढं जाऊन बसल्या.

जीप रस्त्याला लागली. गरम वारा आत येत होता. आप्पांचे डोळे समोर, मग डावा आरसा, मग उजवा आरसा, असे फिरत होते. तेजश्री थोडा वेळ त्यांच्याकडं बघत राहिली. वायर बघायची राहिली हे तिला आठवलं, येताना बघू असं तिनं मनाशी म्हटलं. वळसंगच्या कमानीपर्यंत ती जागी होती. पुढं कधीतरी तिचं डोकं खिडकीच्या दांड्याला टेकलं. अक्कलकोट आलं तरी तिला जाग आली नाही. ईरम्मा सिस्टर उतरल्या, दार हळूच लावलं, आणि आप्पांना खूण केली, झोपू दे म्हणून.